अडीचशे रुपयांच्या धूळभत्त्यात काय बसतं? मास्क, बोळे आणि इअरमफ

आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर गेल्या दिवाळीपासून एक नवी ओळ आली आहे: 'धूळ-आवाज भत्ता ₹२५०'. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. मालकांनी आपण होऊन दिला आणि देताना एका कागदावर सह्या घेतल्या. त्या कागदाकडे नंतर येतो. आधी बाजारात जाऊन बघितलं की या अडीचशे रुपयांत नाक आणि कान खरंच झाकता येतात का. हा परीक्षणाचा खटाटोप त्यासाठीच.

मी बेळगावातल्या वडगावचा. खासबागेकडच्या एका शेडमध्ये सुती कापडाचे चार माग सांभाळतो. वय ४५. वडिलांचे घरातच दोन माग होते, साडीचे. आमच्या गल्लीत संध्याकाळी कुठल्याही घरासमोरून जा, बातम्या रस्त्यावर ऐकू येतात. टीव्हीचा आवाज सगळीकडे एकाच उंचीला लावलेला. मंगाईच्या यात्रेला माग बंद असतात, तेव्हाही माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. पाहुण्यांना वाटतं भांडणं चाललीत.

खरेदी केली ती शनिवार खुटाच्या बाजूला असलेल्या एका सेफ्टी सामानाच्या दुकानातून. नाव देत नाही, जाहिरात नको. दुकान मुळात उद्यमबागच्या फाउंड्रीवाल्यांसाठी आहे: गमबूट, कातडी हातमोजे, वेल्डिंगचे चष्मे, पिवळी हेल्मेटं. मी मागावर काम करतो म्हटल्यावर दुकानदार हसला. "मागवाले इथं कुठं येतात रि? पहिल्यांदा बघालोय." पण माणूस चांगला. पाकीट फोडून घालून बघू दिलं, कुठला माल कशाला ते नीट सांगितलं आणि न मागता पक्कं बिल दिलं. बिल जपून ठेवा, पुढे लागतं. खोट एकच: मोठ्या मापाचा मास्क सांगून ठेवला होता तो आलाच नाही, आणि दर वेळी "उद्या या" ऐकलं.

मास्कपासून सुरुवात करतो, कारण तिथं फसगत जास्त आहे.

आमच्याकडे पद्धत रुमालाची. तोंडाला रुमाल बांधला की झालं. रुमालावर पांढरी रुई साचते आणि माणसाला वाटतं बघा किती धूळ अडली. पण जी रुई डोळ्यांना दिसते ती नाकातच अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. छातीत जाते ती न दिसणारी बारीक धूळ, आणि रुमालाच्या विणीतून ती आरामात आत शिरते. मी स्वतः कापड विणतो, दोन धाग्यांत किती फट राहते ते मला कुणी सांगायला नको. औषधाच्या दुकानातला निळा सर्जिकल मास्क रुमालापेक्षा बरा, पण गालांच्या बाजूनं उघडा, आणि घामानं तासाभरात त्याचा लगदा होतो.

घ्यायचा तर एफएफपी-२ प्रकारचा, आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा आकडा छापलेला. नियमाप्रमाणे तो कमीत कमी ९४ टक्के बारीक कण अडवतो. एफएफपी-१ ला ८० टक्के पुरतात. मला ८० रुपयांना एक पडला. कानात अडकवायच्या पट्टीचा घेऊ नका, डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा घ्या. वाकून तुटलेला धागा सांधताना कानाच्या पट्टीचा मास्क हनुवटीवर येतो, डोक्याच्या पट्टीचा जागचा हलत नाही. समोर झडप असलेला मिळाला तर दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील. आत उष्मा असतोच: सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवा दमट ठेवायची आणि खिडक्या लावून घ्यायच्या. त्या हवेत झडपेशिवाय मास्क म्हणजे शिक्षा. दाढी ठेवणाऱ्यांनी पैसे घालवू नयेत, केसांच्या फटीतून हवा आत येते आणि मास्क नुसता शोभेचा राहतो.

आता इथं खरं सांगायला हवं की विणकामात ही धूळ तुलनेनं कमी. जास्त असते गाठी फोडायच्या, पिंजायच्या आणि कार्डिंगच्या (कापूस विंचरायच्या) खात्यात. म्हणून मास्कची खरी परीक्षा माझ्या मेव्हण्यानं घेतली. तो निपाणीचा, रोज महाराष्ट्राची हद्द ओलांडून कागलकडच्या एका सूतगिरणीत कार्डिंगला जातो. त्याला एक विचित्र त्रास आहे: आठवडाभर काही नाही, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला की दुपारपर्यंत छाती आवळते, दम लागतो, दोन-तीन दिवसांत पुन्हा बरं. घरच्यांना वाटायचं सुट्टीला जास्त जेवतो. डॉक्टरनं ऐकताक्षणी विचारलं, "गिरणीत आहात का?" बिसिनोसिस म्हणतात त्याला. कापसाच्या धुळीचा रोग, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची सुरुवातीची ओळख. या टप्प्यावर धुळीतून बाहेर पडलं तर निवळतो. तसाच काम करत राहिला तर पुढे रोजचाच होतो, आणि मग जात नाही. मास्क लावल्यापासून त्याचा तो पहिला दिवस बराच हलका जातो. पण त्याच्या खात्यात एक मास्क आठवडा काढत नाही. श्वास ओढायला जड गेला की बदलायचा, धुवायचा नाही. मी मात्र एका मास्कवर आठवडा काढतो.

हिशेब मांडा. आठवड्याला एक धरला तरी महिन्याला चार, ३२० रुपये. भत्ता मास्कमध्येच संपला आणि वर सत्तर खिशातून. कान अजून उघडेच.

कानांचं सामान मात्र मला मनापासून आवडलं. तीन प्रकार घेतले.

पहिले फोमचे पिवळे बोळे, १२ रुपयांना जोडी. घालायची रीत आहे, ती कुणी सांगत नाही म्हणून लोक दोन दिवसांत फेकून देतात. बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी चिकटवला तर काही उपयोग नाही. दोरीवाले मिळतात, ते मागावर नकोत. चालत्या पट्ट्याजवळ गळ्यात दोरी कशाला? अडचण अशी की मागवाल्याचे हात तेलाचे. काळ्या बोटांनी वळलेला बोळा कानात गेला की आठवड्यात कान ठणकायला लागतो. साबणानं हात धुऊनच घालायचे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढायचे नाहीत. एक जोडी दोन दिवस, फार तर तीन.

पाकिटावर २९ हा आकडा असतो, किती डेसिबल आवाज अडतो त्याचा. शेडचा आवाज १०० धरला तर १०० मधून २९ गेले, ७१ उरले, असा हिशेब करू नका. तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेत कामगार-सुरक्षेवाले त्यातून आधी ७ वजा करतात आणि प्रत्यक्षात उरलेल्याचं अर्धंच मिळेल असं धरतात. २२ चं अर्धं ११, म्हणजे १०० चे ८९. थोडकं वाटतं, पण या ११ मध्येच सगळं आहे. आपल्याकडच्या कारखाना नियमांतला तक्ता बघा: ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास, १०० ला फक्त दोन. भाच्यानं मोबाइलवरच्या ॲपनं आमच्या शेडमधला आवाज मोजला तर आकडा ९८ ते १०१ च्या मध्ये नाचत होता. मोबाइलचं माप पक्कं धरू नये, पण धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) मागांची शेड शंभराच्या आसपास असते हे सगळीकडचंच आहे. म्हणजे उघड्या कानानं आमची रोजची मर्यादा पहिल्या दोन तासांत संपते, पुढचे तास उधारीवर.

दुसरे सिलिकॉनचे, तीन चकत्यांच्या पांढऱ्या झाडासारखे दिसणारे, ७० रुपये. धुता येतात, दोनेक महिने टिकतात. पहिले काही दिवस दुखतात, अडथळा वाटतो. मग विसरायला होतं. आवाज फोमपेक्षा किंचित कमी अडवतात, पण तेलकट हातांच्या माणसाला हेच बरे, कारण टोकाला धरायला दांडी असते. माझ्या कानात आता हेच असतात.

तिसरा इअरमफ, ५२० रुपये, हेडफोनसारखा. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, उत्तम: आत आला की चढवला, बाहेर गेला की उतरवला. बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्याला एप्रिल-मे महिन्यांत अशक्य. गाद्यांखाली घामाची डबकी होतात. चष्मा असेल तर काडीमुळे फट पडते आणि गुण कमी होतो. ज्यांना परवडेल त्यांनी पावसाळ्यात-हिवाळ्यात वापरावा.

सगळ्यांचा एकच प्रश्न: बोळे घातले तर मागाचं कसं कळणार? बाणा (आडवा धागा) तुटला, धोटा अडकला, फणीत गाठ आली, हे विणकराला आधी कानानं कळतं. मलाही तीच धास्ती होती. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा माग उशिरा थांबवला, कापडात खोट गेली आणि मजुरीतून पैसे कापले. नंतर कान सरावला. बोळ्यानं किंचाळणारा वरचा आवाज खाली बसतो आणि मागाचा ठोका वेगळा ऐकू येतो. ठोका चुकला की उलट लवकर कळतं. ज्यांचे कान आधीच बरेच गेलेत त्यांचं मात्र वेगळं आहे. धोटा उडाला आणि कुणी ओरडलं तर त्यांना ऐकूच येणार नाही. अशांनी आधी तपासणी करून घ्यावी.

तपासणी मी केली. जायच्या आधी निदान चौदा तास मागाजवळ जाऊ नका, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख येतो. माझा आलेख ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक उंच आवाजाच्या पट्टीत, खड्ड्यात गेलाय. डॉक्टर म्हणाले आवाजानं गेलेल्या कानाची ही खूण. रोजच्या बोलण्यात मला अजून भागतं, पण 'स', 'श', 'फ' निसटतात, आणि बायको मागून "अहो" म्हणाली की ऐकू येत नाही, असं ती म्हणते. गेलेलं परत येत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, नीट करत नाही.

आता तो सह्यांचा कागद. त्यावर लिहिलंय की धूळ आणि आवाज यांबद्दल भत्ता मिळत असल्यानं पुढे कोणतीही मागणी राहणार नाही. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या, २५० रुपये कुणाला नको होते? भाचा राणी चन्नम्मा विद्यापीठात अर्थशास्त्राचं एम.ए. करतोय. तो म्हणाला, "मामा, हे तुमच्या मालकांनी नवीन काढलेलं नाही." ॲडम स्मिथनं म्हणे १७७६ साली लिहून ठेवलंय की काम जितकं कष्टाचं आणि घाणीचं तितकी मजुरी चढी, आणि जे धंदे प्रकृतीला वाईट म्हणून माहीत आहेत त्यांत तर ती नेहमीच चढी असते. त्याचं उदाहरणही आमचंच: शिंप्यापेक्षा विणकराला जास्त मिळतं कारण शिंप्याचं काम सोपं, आणि विणकरापेक्षा लोहाराला जास्त, कारण विणकराचं काम स्वच्छ. स्वच्छ! माणूस खोटं बोलत नव्हता, यंत्रमाग तेव्हा निघालाच नव्हता. कार्टराइटनं तो काढला १७८५ साली.

पण त्याचा नियम आमच्या शेडला लागत नाही, याची कारणं मला कुठल्या विद्यापीठात जाऊन शिकायला नकोत. धोका आधी कळला तर माणूस जास्त पैसे मागणार. कान तर गेल्यावरच कळतो. आणि कळला तरी दुसऱ्या शेडमध्ये जायला मोकळीक हवी. उचल घेतलेल्या माणसाला ती नसते. मुलीच्या लग्नाला घेतलेले पैसे फिटेपर्यंत मालक बदलता येत नाही, मग चढी मजुरी मागणार कुठल्या तोंडानं?

आता आकडे. २५० रुपये महिना म्हणजे वर्षाला ३,०००. वीस वर्षं मिळत राहिला तरी ६०,०००. दुसरीकडे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे. त्यात आवाजानं आलेलं बहिरेपणही आहे आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिसही. हे जुने कायदे आता नव्या संहितांमध्ये घातलेत, पण यादीत दोन्ही रोग आहेत. जुन्या कायद्याच्या रीतीनं हिशेब असा: पूर्ण बहिरेपणाला शंभर टक्के अपंगत्व. महिन्याची मजुरी १२,००० धरली तर तिचे ६० टक्के ७,२००. वय ४५ ला गुणक १६९.४४, गुणाकार सुमारे १२ लाख २० हजार. पूर्ण बहिरे फार कमी जण होतात. पण डॉक्टरनं कमाईची ताकद ३० टक्के गेली असं लिहून दिलं तरी साडेतीन लाखांच्या वर जातं. मालकांना भत्ता एवढा स्वस्त का वाटला ते या दोन आकड्यांत दिसतं.

आणि सही? त्याच जुन्या कायद्याचं १७ वं कलम म्हणत आलंय की भरपाईचा हक्क सोडणारा कुठलाही करार रद्दबातल. म्हणजे तो कागद नुसता कागद. भत्ता घ्या, बिनधास्त घ्या, हक्क जात नाही. मास्क-बोळ्यांचे पैसेही खरं तर आपण घालायचे नाहीत: जुन्या कारखाना कायद्याच्या ११४ व्या कलमापासूनच मालकानं पुरवायच्या सोयींसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत.

ज्यांच्याकडे ईएसआयचं (कामगार राज्य विमा योजनेचं) कार्ड आहे त्यांना हा १९२३ चा मार्ग नाही, त्यांना तिकडून मिळतं: कायमच्या अपंगत्वाला मजुरीच्या ९० टक्क्यांच्या हिशेबात, जितके टक्के अपंगत्व त्या प्रमाणात, दरमहा आणि जन्मभर. १२,००० वाल्याला ३० टक्के ठरले तर महिन्याला ३,२४० रुपये. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. ईएसआय लागू व्हायला निदान दहा माणसं लागतात, म्हणून एकाच छपराखालची शेड भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावानं तीन ठिकाणी दाखवायची युक्ती यंत्रमाग पट्ट्यात जुनी आहे. आमचीही तशीच आहे. पण १९२३ च्या कायद्याला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहाची अट नव्हती, हे फार जणांना ठाऊक नसतं. निपाणी-चिकोडीकडून पलीकडे कामाला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: अर्ज जिथं काम करता तिथंच करायला हवा असं नाही, जिथं राहता त्या भागातही करता येतो. मेव्हण्याला मी हेच सांगितलं, तो कोल्हापूरला खेटे घालायच्या तयारीत होता. त्याच्याकडे ईएसआयचं कार्ड निघालं, तेव्हा त्याचं प्रकरण त्या बाजूनं चाललंय.

अडतं ते पुराव्यावर. आम्हाला मजुरी मीटरवर, हिशेब वहीत, वही मालकांकडे. म्हणून ती भत्त्याची ओळ असलेली चिठ्ठी मला २५० रुपयांपेक्षा मोलाची वाटते. तिच्यावर माझं नाव आहे, महिना आहे, आणि इथं धूळ आहे, आवाज आहे, हे मालकांनी स्वतः लिहून दिलंय. एकही चिठ्ठी टाकू नका.

तर सामानाला गुण द्यायचे तर सिलिकॉनचे बोळे पाचपैकी साडेचार, फोमचे साडेतीन, एफएफपी-२ मास्क चार (विणकाम सोडून इतर खात्यांत पाच), इअरमफ अडीच, जॉबर असाल तर चार. दुकानाला साडेतीन. भत्त्याला दोन, तेही चिठ्ठीमुळे.

आम्ही शेडमधल्या माणसांनी मिळून अर्ज दिलाय, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत: भत्ता राहू द्या आणि मास्क-बोळे शेडच्या खर्चानं द्या. बोळ्यांना मालक तयार झालेत, घाऊक भाव काढायला सांगितलाय. मास्कला नाही, "विणकामात धूळ कुठं असते?" म्हणतात. कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरणाऱ्या बायकांना तर भत्ताही नाही, कारण त्यांना मजुरी कांडीवर मिळते आणि पगाराची चिठ्ठीच नसते. बसतात मात्र त्याच आवाजात, भिंतीपलीकडे. त्यांच्यातल्या दोघींनी सिलिकॉनचे बोळे स्वतःच्या पैशानं आणले. त्या बिलांच्या झेरॉक्सही आम्ही अर्जाला जोडल्यात.